एकसारख्या खाचा

अण्णांच्या तळहातावर मी तीर्थ घातलं, पण ते तिथं थांबलं नाही. बोटांच्या फटींतून निसटून वाकळेवर सांडलं. मला वाटलं, गाढ झोप लागलीय. रात्रभर खोकल्यानं डोळा लागू दिला नसेल. "अण्णा, तीर्थ घ्या," मी पुन्हा म्हटलं. रोज एवढं म्हटलं की ते डोळे न उघडताच हात ओठांना लावायचे आणि ओला पंजा टकलावरून फिरवायचे. मी त्यांचा हात सोडला. तो खाली पडायला हवा होता. पडला नाही. तसाच अधांतरी राहिला.

माझ्या हातातली पळी तांब्यावर वाजली.

"कुमुद, दार लोट," मागून कुणीतरी म्हणालं.

थोरले दीर, गजाननभाऊजी, उंबऱ्यात उभे होते. अंघोळ झालेली, कपाळाला गंध, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट.

"भाऊजी, अण्णा..."

"मला दिसलंय. आधी दार लोट."

"दार कशाला? ह्यांना हाक मारा. अण्णांना खाली घ्यायला पाहिजे. तोंडात पाणी, तुळशीपत्र..."

"ते सगळं करायचंय. दुपारनंतर."

मला शब्द ऐकू आले, अर्थ लागला नाही. अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडात खाचा पाडायचा राउटर चालू होता. हवेत असला की किंचाळायचा आणि लाकडात शिरला की गुरगुरायचा. आमच्या ह्यांनी उजाडायच्या आतच काम लावलं होतं.

भाऊजींनी स्वतःच दार लोटलं.

"हे बघ. उद्या पाडवा. बुटाल्यांचं औषधाचं दुकान उद्या सकाळी उघडायचंय. दुपारी टेंपो येईल. शेवटचं कपाट व्हायचंय अजून. मुकुंदाच्या कानावर गेलं की संपलं. तेरावं होईपर्यंत हत्याराला हात लावता येणार नाही."

"नाही तर नाही. घरातलं माणूस गेलंय, भाऊजी."

"टेंपो थांबवला तर परत येणारंय का ते?" त्यांचा सूर अगदी समजुतीचा होता, लहान मुलाला औषध पाजताना असतो तसा. "आणि तू उपासतापास करणारी, तुला मी काय शास्त्र सांगू? सुतक कानानं लागतं. परगावी कुणी गेलं तर निरोप येईपर्यंत आपण देवाला शिवतोच ना? तसंच आहे हे. मुकुंदाला ठाऊक नाही तोवर त्याला दोष नाही. दोष लागला तर मला लागू दे. मी आज करवतीला बोटसुद्धा लावणार नाही."

"आणि मला कळलंय त्याचं काय?"

"तू कुठं रंधा मारायला चाललीस?"

मी दाराकडं वळले. त्यांनी हात आडवा धरला.

"जा, सांग. पण सांगण्याआधी त्याच्या हातात काय आहे ते बघ. गरगर फिरणारं पातं आहे ते. बाप गेला ऐकून हात हलला, तर बोटं उचलून आणावी लागतील तुला. चालणार आहे?"

हे ऐकून माझे पाय थांबले. भाऊजींनी मला बाहेर काढून दाराला कडी घातली, कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. मी तांब्या घेऊन देवघरापाशी येऊन उभी राहिले. महादेवाचा अभिषेक, ते तीर्थ आधी अण्णांना, आणि मग मी पाण्याचा घोट घ्यायचा, असा माझा लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. त्या दिवशी तांब्या तसाच भरलेला राहिला आणि माझी जीभ कोरडी.

आता हेही नाहीत आणि भाऊजीही नाहीत. जाऊबाई त्या दिवसांत लेकीच्या बाळंतपणाला साताऱ्याला गेल्या होत्या, त्यांना शेवटपर्यंत यातलं काही कळलं नाही. दुखावेल असं कुणी उरलं नाही, म्हणून आज लिहिता येतंय.

आमचं घर सुतारांचं, कराडचं. अण्णांचा हात साऱ्या पेठेत नावाजलेला. घरात राउटर आला तेव्हा त्यांनी आठवडाभर त्या शेडकडं फिरकायचं नाव काढलं नाही. "लाकूड कापतोय का लाकडाला छळतोय?" म्हणायचे. मग खोकल्यानं त्यांना खाटेवर आणलं, आणि नेमकं तेव्हाच बुटाल्यांचं काम आलं. औषधाच्या दुकानाची कपाटं म्हणजे फळ्याच फळ्या. कपाटाच्या दोन्ही बाजूंना आतून आडव्या खाचा पाडायच्या आणि त्यांत फळ्या सरकवायच्या. खिळा नाही, काही नाही. ह्यांनी पेन्सिलीनं खुणा करून पहिल्या कपाटाच्या खाचा पाडल्या. फळ्या सरकवल्या तर एक पुढं झुकलेली, दुसरी मागं, तिसरी आत शिरायलाच तयार नाही.

"आण इकडं," अण्णा खाटेवरून म्हणाले. फळीचा तुकडा हातात घेऊन त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला. "प्रत्येक खाचेला नवं माप घेतोस मुकुंदा, म्हणून प्रत्येक खाचेला नवी चूक करतोस. एकदाच माप घे आणि ते लाकडात कोंडून टाक."

"म्हणजे कसं?"

"फर्मा कर."

तो फर्मा अण्णांनी खाटेवर बसून केला, आणि त्यांचे अर्धे हात मी झाले. पाठीला उशा लावायच्या, मांडीवर पाट ठेवायचा, ते सांगतील तसं धरायचं. प्लायचा एक चौकोनी तुकडा. त्याला एक लांब फट, राउटर तिच्यातूनच चालेल अशी. आणि तुकड्याच्या खालच्या अंगाला, त्या फटीला समांतर, सागाची एक पट्टी. ती पट्टी बरोबर खाचेच्या रुंदीची. पट्टीला त्यांनी स्वतः रंधा मारला. दोन हात मारायचे, खोकायचे, पुन्हा मारायचे. वाकळेवर भुशाचा नुसता सडा.

"बघ हं," ते मला समजावून सांगायचे, जणू मीच उद्या कपाटं करणार होते. "पहिली खाच तळापासून माप घेऊन पाडायची. मग ही पट्टी त्या खाचेत बसवायची. की फट आपोआप पुढच्या खाचेच्या जागी आली. ती पाडली की पट्टी तिच्यात. असं शिडी चढत जायचं."

"जपमाळेसारखंच की हे, अण्णा. एक मणी सरला की पुढचा बोटाखाली येतोच."

"तुझं सगळं देवापाशीच जाऊन थांबतं," ते हसले, मग खोकले, मग पुन्हा हसले. "पण दोन्ही बाजू तळापासूनच सुरू करायच्या. एक तळाकडून आणि एक माथ्याकडून केली, तर बुटाल्याच्या खोकल्याच्या बाटल्या गिऱ्हाईक यायच्या आत घरंगळून जातील."

फर्मा छान चालला. अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी मात्र हे कुरकुरत आले. पट्टी फुगली होती, खाचेत बसताना अडत होती. अण्णा म्हणाले, "सकाळी घेऊन ये. दोन हात मारून देतो. आता अंधारात नको."

ती सकाळ ही अशी उजाडली.

मी देवघरापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात आले.

"पोहे टाक."

घरात माणूस गेल्यावर चूल पेटवायची नसते, हे मी त्यांना सांगायला हवं होतं का?

"अगं, फोडणीचा वास गेला पाहिजे बाहेर. घर गप्प दिसलं तर ती शेजारची ताराबाई वाटी घेऊन साखर मागायला येईल आणि खोलीत डोकावेल. शिवाय मुकुंदाला आणि हणमाला चहा-पोहे वेळेवर गेले पाहिजेत."

मी पोहे टाकले. मोहरी तडतडली. कांदा परतताना मी पदर नाकाला लावून उभी होते. आयुष्यात त्याआधी मला कधी अन्नाची किळस आली नव्हती. अन्नाला नावं ठेवू नयेत असं मला शिकवलं होतं, आणि त्या सकाळी कढईकडं बघवेना.

भाऊजी पाटावर मांडी घालून बसले. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडं अण्णा होते. भाऊजी लिंबू पिळत होते.

"शेंगदाणे जरा करपलेत," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी ताटली पुढं केली. "आणखी घाल थोडे. आज दिवसभर काही मिळेल न मिळेल."

मी वाढलं. त्यांच्या मिशीला एक पोहा चिकटला होता. तो अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

चहा घेऊन मी शेडमध्ये गेले. अमावास्येला सुतार काम करत नाहीत, म्हणून बाकीचे कामगार आले नव्हते. एकटा हणमा आला होता, तोही हे त्याच्या घरी जाऊन हातापाया पडले म्हणून. मी आत शिरले तसा ह्यांनी राउटर बंद केला. भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पिवळसर भुसा.

"वैनी," हणमा कप उचलत म्हणाला, "आवसंला काम करायला लावलंय मालकांनी. मला काय लागलं-बिगलं, तर तुमच्याच दारात आणून बांधीन."

"तुला बघून भूतच घर बदलेल," हे म्हणाले, आणि दोघं हसले.

मला वाटलं, हसू दे बिचाऱ्याला. दुपारपर्यंतचं हसू आहे हे. जेवायला हात धुऊन घरात येतील, मशीन लांब असेल, तेव्हा मी सांगेन. भाऊजींना न विचारता सांगेन.

"पट्टी बरी बसाय लागली की ओ आता," हणमा म्हणाला. "काल लय घट व्हती. रंधा मारला काय?"

"नाही. अण्णा म्हणाले, मेणबत्ती घास. पट्टीला मेण लावलं, आता लोण्यासारखी सरकते."

"म्हाताऱ्याचं डोकं म्हंजे डोकं."

मी कप गोळा करून बाहेर आले आणि तुळशीपाशी रडून घेतलं. म्हणजे पहाटे बापलेकांची गाठ पडली होती. मेणबत्ती घास, हे अण्णांचं त्यांच्या मुलाशी शेवटचं बोलणं. साधं, कामाचं बोलणं. पण बोलले होते. मला त्यात फार मोठा आधार वाटला, तो दिवसभर पुरवायचा मी ठरवला.

ऊन चढलं. पत्र्याखाली राउटर ओरडत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा ओरडत होता. मी भाऊजींच्या पाठीस लागले.

"एकदा दार उघडा. तुळशीपत्र तरी ठेवू दे."

"तू काही सोडणार नाहीस."

त्यांनी कुलूप काढलं आणि दारात अडकित्ता घेऊन उभे राहिले. आत उकाडा कोंडला होता. रात्री मी अण्णांना खोकल्यासाठी मधातून चाटण दिलं होतं. त्या मधाच्या वासानं खाटेच्या पायावरून मुंग्यांची रांग चढली होती. वाकळेवरून, सदऱ्याच्या बटणांवरून, हनुवटीवरून. ओठाच्या कोपऱ्यात त्यांचा काळा गुच्छ झाला होता.

मी पदरानं पुसायला लागले. पुसलं की पुन्हा दुसरीकडून यायच्या.

"मुंग्या लागल्यात, भाऊजी."

"उन्हाळ्याचे दिवस. कडेनं हळद टाक." त्यांनी सुपारी कातरली. "आणि उदबत्ती लावू नकोस हां. हणमाचं नाक तिखट आहे."

मी हळद आणली. माझ्या सासऱ्यांच्या उशाशी मी मुंग्यांसाठी हळद टाकली. तुळशीपत्र ओठांवर ठेवलं, ते आत जाईना. खाटेवरून त्यांना खाली घ्यायला हवं होतं, ते एकटीला जमणारं नव्हतं. मी दाराकडं पाहिलं. भाऊजींनी तोंडात सुपारीचं खांड टाकलं.

"झालं? चल."

जेवायची वेळ झाली तसा हणमा घरी गेला. मागच्या दारी दगडी डोणीवर हे हात धुवायला आले. मी आधी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. ओले, खरखरीत, दहाच्या दहा बोटं जागेवर. मग म्हटलं,

"इथं पायरीवर बसा."

"का गं?"

"बसा ना. मन घट्ट करा. अण्णा गेले."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं.

"दादानं सांगितलं?"

"मी सकाळी तीर्थ द्यायला गेले होते."

"हं." त्यांनी हात सोडवून घेतले आणि धोतराच्या फडक्याला पुसले. "दादाला म्हटलं होतं, ती तीर्थ घेऊन जायच्या आत कुलूप घाल म्हणून. त्याची अंघोळच उरकत नाही."

मला आधी वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहाटे पट्टी घेऊन गेलो होतो ना मी. हाक मारली, हलवलं. गार लागले."

"आणि भाऊजींना..."

"मीच उठवलं. काय करायचं ते ठरवायला नको?"

"हे भाऊजींनी ठरवलं?"

"दादाला कुठं सुचतंय असलं." ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. "तो तर रडायला बसला होता. मीच म्हटलं, रडून झालं की अंघोळ कर आणि नीट कपडे घाल."

"सुतक कानानं लागतं, ते?"

"ते त्याचं. मी फक्त म्हटलं होतं, कुमुदला शास्त्रातलं काहीतरी सांग, ती ऐकते."

"आणि बोटं तुटतील, ते?"

ह्यांच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "ते मी सांगितलं होतं."

मी पायरीवर बसले. जे त्यांना करायला सांगितलं होतं ते मीच केलं. उन्हात दगड तापला होता, ते मला उशिरा कळलं.

"मेणबत्तीचं? अण्णा म्हणाले, मेणबत्ती घास?"

"हणमा विचारत होता, काहीतरी सांगायला नको? मेण मला सुचलं." ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि मला समजावू लागले. बोलताना त्यांचा आवाज मऊ होता. नवरा म्हणून ते कधी वाईट वागले नव्हते. "हे बघ, अण्णांना काय हवं होतं? हे काम नीट व्हावं. होतंय. बुटाल्यांचा मेव्हणा विट्याला दवाखाना बांधतोय, त्याचं सगळं लाकूडकाम आपल्याकडं येईल. अण्णांना वाईट वाटलं असतं का? मग? संध्याकाळी सगळं व्यवस्थित करू. भजनी मंडळ बोलवू."

मी उठले आणि शेडमध्ये गेले. ते मागून आले. शेवटच्या कपाटाची एक बाजू टेबलावर आडवी पडली होती, फर्मा अजून तिच्यावर बसलेला. त्या दिवशी पाडलेल्या खाचांवरून मी अंगठा फिरवला, अण्णा फिरवायचे तसा. तळापासून माथ्यापर्यंत. सगळ्या एका खोलीच्या, सगळ्या एका अंतरावर. कुठं कड फाटलेली नव्हती, कुठं पातं अडखळलेलं नव्हतं. शेजारी आदल्या दिवशीची बाजू उभी होती. आदल्या दिवशी अण्णा जिवंत होते. मी तिच्यावरूनही अंगठा फिरवला. दोन्हींत काही फरक नव्हता.

"बघितलंस?" हे मागून म्हणाले. त्यांना वाटलं, मी कामाचं कौतुक करतेय. "फर्मा आहे ना. हात हलला तरी खाच हलत नाही."

"हलला होता?" मी विचारलं.

त्यांनी खरंच आठवून पाहिलं. ते खोटं बोलले असते तर बरं झालं असतं.

"नाही," ते म्हणाले. "चल, वाढ. टेंपो यायची वेळ होत आली."

मी वाढलं नाही. त्यांनी आपल्या हातानं वाढून घेतलं.

टेंपो आला तेव्हा शेवटच्या कपाटाच्या दुसऱ्या बाजूची थोडी कड साफ करायची राहिली होती. हे त्याच कामाला लागले, आणि हणमानं टेंपोवाल्याला हाताशी घेऊन तयार कपाटं चढवायला सुरुवात केली. बुटालेकाका पुढं आले. गोल, घामेजलेला माणूस, डोक्यावर नवीकोरी टोपी, हातात नारळ आणि पेढ्यांचा पुडा. आयुष्यभर दुसऱ्याच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून राबलेले. आता स्वतःचं दुकान निघत होतं. अंगणातच त्यांनी एका कपाटात फळी सरकवून पाहिली, काढली, पुन्हा सरकवली.

"वा! गजाननराव, हे म्हणजे पेटीचे खणच की हो. कुणाची करामत?"

"अण्णांची. फर्मा त्यांनीच केलाय."

"तर मग त्यांच्या पाया पडल्याशिवाय मी काही जाणार नाही. कुठायत?"

"झोपलेत." भाऊजी एक पाऊल खोलीच्या दारासमोर सरकले. "रात्रभर खोकला. आत्ता कुठं डोळा लागलाय. नका उठवू."

"नको, नको, झोपू दे. म्हातारं माणूस." काकांनी आवाज एकदम खाली आणला. दाराकडं तोंड करून, चप्पल काढून, त्यांनी बाहेरूनच हात जोडले. कुलूप त्यांनी पाहिलं की नाही, मला सांगता येत नाही. भाऊजींच्या पाठीमागं होतं ते. मग पुडा उघडून त्यांनी त्यातला एक पेढा माझ्यापुढं धरला.

"वहिनी, उठले की हा अण्णांना तुमच्या हातानं भरवा. म्हणावं, बुटाल्यांनी उद्याचं पहिलं बोहनीचं गोड तुम्हाला आणलंय."

पेढ्यावर पिस्त्याचा हिरवा तुकडा होता. मला त्या ओठांच्या कोपऱ्यातला काळा गुच्छ दिसला. माझा हात पुढं होईना.

"अण्णा गेले, काका," मी म्हटलं.

"आं?" त्यांनी कानाला हात लावला. शेडमध्ये राउटर किंचाळत होता.

मी अंगण ओलांडून शेडमध्ये गेले. दारालगतच्या भिंतीवर मेन स्विच होता. मी त्याचा दांडा दोन्ही हातांनी खाली ओढला. राउटर घरघरत थांबला. पंखा थांबला. सगळं इतकं शांत झालं, की तेवढ्या शांततेत माझाही आवाज पुरला.

"अण्णा गेले."

टेंपोवाल्याच्या हातातला दोर खाली पडला. हणमानं डोक्याचं फडकं काढलं. आणि भाऊजींनी कपाळावर हात मारून घेतला.

"गेले? कुमुद, काय बोलतेस तू? कधी? अगं, मघाशी तर... मला का नाही हाक मारलीस?" त्यांच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी आलं. सकाळचं राहिलेलं रडू असेल ते. "अण्णा! अहो अण्णा!"

हे शेडमधून धावत बाहेर आले. अंगभर भुसा. "काय झालं? दादा, काय झालं?" आणि मग, जरा थांबून, "अण्णा!"

दोन भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. हणमा तोंडात फडकं कोंबून रडायला लागला, त्याचं रडणं मात्र खरं होतं. माझ्या अंगावर शहारा आला, पाल अंगावरून गेल्यावर येतो तसा. एवढ्या लोकांत ते दोघं आता दुःखी मुलगे होते, आणि मी सासऱ्याची बातमी पोटात घालून पोहे परतणारी सून.

बुटालेकाकांनी टोपी काढून हातात घेतली. ते माझ्याजवळ आले. रागावले नव्हते. हे असले प्रश्न त्यांनी दवाखान्यात पुष्कळ वेळा विचारले असणार.

"कधी गेले, बाई? कुणी पाहिलं?"

"पहाटे. ह्यांनी पाहिलं, मग भाऊजींनी, मग मी. खोलीला कुलूप आहे. किल्ली भाऊजींच्या खिशात आहे."

रडणं एकदम थांबलं.

काकांनी हात पुढं केला. भाऊजींनी इकडं तिकडं पाहिलं, मग खिशात हात घातला. इस्त्रीच्या खिशातून किल्ली निघायला थोडा वेळ लागला. काकांनी ती घेतली, कुलूप काढलं, दार उघडून एकदाच आत पाहिलं आणि डोळे मिटले.

"हणमंता, आत ये. आधी त्यांना खाली घेऊ," ते म्हणाले. मग टेंपोवाल्याला, तशाच हलक्या आवाजात, "बाळू, चढवलंय ते सगळं उतरव."

"काका, पण उद्या दुकान..." भाऊजी म्हणाले.

"उतरव म्हटलं ना."

हणमा डोळे पुसत आत गेला. मी तांब्या आणायला देवघराकडं निघाले, आणि जाता जाता ह्यांच्याकडं पाहिलं. इतकी वर्षं ज्यांच्या नावानं मी कुंकू लावत आले होते, त्यांच्या चेहऱ्यावर आता तरी काही दिसेल, असं मला वाटत होतं. हे अंगणाच्या मधोमध उभे होते. खोलीकडं पाठ. डोळे टेंपोवर खिळलेले आणि ओठ अगदी बारीक हलत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेतायत. मी जवळून गेले तेव्हा ऐकू आलं. ते कपाटं मोजत होते.